वेताळ, वेतोबा आणि मराठीत न झालेले कॉमिक

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका तरुणाने दोन वर्षांपूर्वी चोवीस पानांचे एक कॉमिक मला वाचायला दिले. लेखन, चित्रे, अक्षरे सगळे त्याचेच. छपाई एका डिजिटल प्रेसमधली, प्रती दोनशे. नायक जुन्या रहस्यकथेतल्यासारखा रात्री फिरणारा, थोडा चोर, थोडा साव. खलनायक मेलेला. कथा कल्याणच्या खाडीकाठी घडते. कॉमिक बरे होते. पण त्याहून त्याने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. “काका, मराठीत रहस्यकथा हजारोंनी छापल्या गेल्या, भुतांच्या गोष्टी तर घरोघर. मग दोन्ही एकत्र करून मराठीत आधी कुणी कॉमिक का नाही काढलं?”

मी एकतीस वर्षे एका प्रोसेस स्टुडिओत काढली. कॅमेरा, निगेटिव्ह, रिटचिंग, प्लेट हा माझा धंदा, आणि वाचनालयातून रहस्यकथा आणून लोकलमध्ये वाचणे हा छंद. प्रश्नाचे उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असावे असे वाटले म्हणून जुनी पुस्तके पुन्हा काढून बसलो. हा लेख त्या बैठकीतून आला आहे.

पहिली गोष्ट अशी, की मालमसाला कमी पडला म्हणून हे राहून गेले असे मुळीच नाही. मराठी कादंबरीची सुरुवातच अद्भुतापासून आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ १९१३ साली आली आणि दोन-तीन पिढ्यांनी ती जेवणखाण विसरून वाचली. तिचे मूळ रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या कादंबरीत आहे, आणि रेनॉल्ड्स हा लंडनच्या स्वस्त, हप्त्याहप्त्याने निघणाऱ्या थरारक वाङ्मयाचा बादशहा. म्हणजे ज्याला आज ‘पल्प’ म्हणतात त्या जातीचे रक्त मराठीत शंभर वर्षांपूर्वीच आले होते. गोविंद नारायण दातारशास्त्री यांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘प्रवाळद्वीप’ यांची नुसती नावे वाचावीत. प्रत्येक नाव म्हणजे एकेका कॉमिकचे मुखपृष्ठ आहे.

मग १९४० च्या दशकात बाबूराव अर्नाळकर आले. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. टोपणनावातला अर्नाळा त्या काळच्या ठाणे जिल्ह्यातला, वसईच्या उत्तरेचा, पाण्यातल्या किल्ल्याचा. १९९६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. झुंजार आणि त्याची विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी दर महिन्याला नव्या भानगडीत सापडत. झुंजार आणि काळापहाड हे दोघेही कायद्याच्या अलीकडे-पलीकडे करणारे. इंग्रजी ‘सेंट’ आणि ‘ब्लॅकशर्ट’ यांची छाया त्यांच्यावर होती, हे त्यांच्या वाचकांपैकी थोड्यांना माहीत होते आणि कोणाचेच त्यावाचून अडत नव्हते. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आले. २०२१ साली निधन झालेल्या या गोमंतकीय लेखकाने बाराशेच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद घोड्यावरून आला.

या पुस्तकांत आत एकही चित्र नसे. जे काही चित्र असेल ते बाहेर, मुखपृष्ठावर, आणि ते बहुधा रघुवीर मुळगावकरांच्या हातचे. आपण मुळगावकर आठवतो ते कॅलेंडरावरच्या देवदेवतांसाठी. पण त्यांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांपैकी एखादे नीट पाहा. पिस्तूल रोखलेला हात चौकटीच्या बाहेरून आत येतो, बाईच्या डोळ्यांत त्या हाताची भीती असते, मागे जिन्यावर सावली. एकाच चौकटीत आधी काय झाले आणि पुढे काय होणार, दोन्ही आहे. कॉमिकवाला जे सहा चौकटींत सांगतो ते हा माणूस एकीत सांगत होता. उरलेल्या पाच वाचक मनात काढून घेई. मला तर वाटते, मराठी रहस्यकथेचे मुखपृष्ठ हेच आमचे एकचौकटी कॉमिक होते.

आता भुते. अर्नाळकरी जगात भूत शेवटी बहुधा माणूस निघे. मुखवटा गळून पडे आणि आत काका नाहीतर मुनीम असे. खरेखुरे भूत मासिकाच्या आणि वाचनालयाच्या वाचकाला नियमित पुरवले ते नारायण धारपांनी. पुण्याच्या या लेखकाने (१९२५–२००८) ‘समर्थ’ नावाचा नायक उभा केला. शांत, अभ्यासू, अघोरी शक्तींशी झुंजणारा, बरोबर अप्पा हा साहाय्यक. एकाच नायकाच्या ओळीने गोष्टी, प्रत्येक गोष्टीत नवे संकट, नायकाचे ठरलेले सामर्थ्य आणि ठरलेल्या मर्यादा: साहसकॉमिकला लागणारे सगळे सुटे भाग समर्थकथांत तयार होते. फक्त कुणी चित्रे काढली नाहीत. धारपांनी स्टीफन किंगचे ‘सेलम्स लॉट’ ‘लुचाई’ करून आपल्या मातीत आणले, तेव्हा बाहेरचे भूत आपल्या वाड्यात कसे शिरते याचा त्यांनी वस्तुपाठच घालून दिला. रत्नाकर मतकरींची गूढकथा वेगळी. ती मनातल्या अंधाराची, चाळीतल्या खोलीची; तिला कॉमिकपेक्षा रंगभूमी जवळची. म्हणून तिच्याकडे इथे वळत नाही.

पण धारपांच्याही आधी, आपल्या भुतांची एक मोजदाद सरकारी कागदांवर झालेली आहे, आणि तिच्यात ठाणे जिल्ह्याचा वाटा आहे. ही हकिगत कॉमिक काढणाऱ्या कोणत्याही मुलाने वाचण्यासारखी आहे.

ए. एम. टी. जॅक्सन हा नाशिकचा कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळी घातली, हे आपण शाळेत शिकतो. पण या जॅक्सनला लोककथा आणि लोकसमजुती जमवण्याचा नाद होता. त्याने एक प्रश्नावली तयार केली होती आणि मुंबई इलाख्यातल्या खेड्यापाड्यांच्या शाळामास्तरांकडून तिची उत्तरे मागवली होती. गावात कोणते देव आहेत, कोणत्या झाडात काय राहते, पाऊस पडावा म्हणून काय करतात, मेलेला माणूस परत येतो तो कसा. जॅक्सनच्या मृत्यूनंतर ते कागद आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने लावले आणि १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचे एक पुस्तक इंग्रजीत छापून आले. पुढे १९२४ साली त्याचेच मोठे पुस्तक झाले.

त्या पुस्तकात ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या मास्तरांच्या उत्तरांतून भुतांची जी यादी जमली आहे ती अशी: वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेटक, झोटिंग, वीर, चेडा, म्हसोबा, जखीण, लावसट, हडळ. पंधरा नावे. या यादीची गंमत अशी की ती भीतीची नाही, हिशेबाची यादी आहे. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी गेला तो मुंजा. त्याचे एक संस्काराचे देणे राहिले म्हणून तो पिंपळावर. मागे वारस नाही आणि पैशात जीव अडकला तो समंध. म्हणून तो पुरलेल्या धनावर बसतो. देवचार गावाची वेस सांभाळतो आणि वर्षाचे ठरलेले त्याला पोचले नाही तर त्रास देतो. बाळंतपणात गेलेली बाई परत येते, कारण जगाने तिचे काही दिलेले नाही. आमचे भूत उगाच कुणाच्या मानेवर बसत नाही. त्याची बाकी असते.

गिऱ्हा तर साहसकथेसाठीच जन्मलेला आहे. हा पाण्याचा. नदी किंवा खाडी ओलांडणाऱ्याला उतार दाखवतो आणि खोल पाण्यात नेतो. पण त्याची शेंडी कुणी कापून लपवून ठेवली तर तो त्या माणसाचा गडी होतो, रात्रीत शेत नांगरून देतो, ओझी वाहतो. आणि शेंडी सापडली की सूड घेतो. उल्हास नदीच्या खाडीवर पूल नव्हते आणि लोक ओहोटी बघून पाय टाकत होते, त्या काळी ही नुसती गोष्ट नव्हती. पाण्याबद्दलची सूचना होती. आणि कथालेखकाच्या नजरेने पाहाल तर त्यात नायक, सामर्थ्य, गुपित आणि शेवट, सगळे आयते आहे.

एवढे घरात असताना आमच्या हातात चित्रांचे पुस्तक पडले ते मात्र अमेरिकेहून. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ते मराठीतही निघू लागले. पहिलाच नायक ली फॉक यांचा ‘फँटम’. फॉक यांनी तो १९३६ साली निर्माण केला होता. जंगलातल्या कवटीच्या गुहेत राहणारा, वंशपरंपरेने तोच वेश चढवणारा, म्हणून कधीच न मरणारा वाटणारा. लोक त्याला ‘चालते भूत’ म्हणतात. मराठीत त्याचा ‘महाबली वेताळ’ झाला. बंगालीत तोच ‘अरण्यदेव’ झाला. त्याच्या राज्याचे मूळ नाव बंगालशी जुळणारे होते, ते इंद्रजालने ‘डेंकाली’ केले. बी. गोविंद यांची सुरुवातीची मुखपृष्ठे अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर असतील.

‘वेताळ’ हे नाव सुचले ते बहुधा विक्रम-वेताळाच्या गोष्टींवरून. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून येत होता आणि त्यातला प्रेत खांद्यावर घेतलेला विक्रम प्रत्येक घरात पोचला होता. पण माझे आजोळ वेंगुर्ले तालुक्यातले, आणि तिथल्या माणसाला वेताळ म्हटले की विक्रम आठवत नाही. त्याला आरवलीचा वेतोबा आठवतो. जयवंत दळवींचे हे गाव. देवळात पुरुषाहून उंच, उभी मूर्ती. नवस फेडताना लोक केळ्यांचे घड देतात आणि वहाणा देतात. माणसाच्या पायात बसणार नाहीत एवढ्या मोठ्या चामड्याच्या वहाणा. कारण वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. झिजलेले तळ लोक एकमेकांना दाखवतात.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. अमेरिकी लेखकाने ‘चालते भूत’ कल्पिले, ते आफ्रिका की आशिया हे न कळणाऱ्या एका जंगलात ठेवले, जांभळा घट्ट पोशाख घातला. मराठी अनुवादात त्याला जे नाव मिळाले, त्या नावाचा एक रक्षक कोकणात आधीपासून रात्री चालत होता, आणि तोही गुन्हेगारांपासून गाव राखत होता. माझी आजी माझ्या हातातले इंद्रजाल पाहून म्हणे, “हा कसला वेताळ? ह्याच्या पायात वहाणा खंय आसत?” तिची टीका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. फँटमच्या पायात बूट आहेत, पण ते कधी झिजत नाहीत. वेतोबा झिजतो, म्हणून गाव त्याला दरवर्षी काहीतरी देणे लागते.

मग वेतोबाचे कॉमिक का झाले नाही? इथे माझा धंदा मदतीला येतो.

रंगीत कॉमिकचे पान चार प्लेटांवर छापले जाते: पिवळी, लाल, निळी, काळी. रेषा आणि फुग्यातला मजकूर काळ्या प्लेटवर. त्यामुळे तेच कॉमिक दुसऱ्या भाषेत काढायचे तर पहिल्या तीन प्लेटा तशाच ठेवून फक्त काळी बदलली की काम भागते. रंग वेगळे करण्याचा, रिटचिंगचा, टिंट बसवण्याचा सगळा खर्च पाच-सहा भाषांत वाटला जातो. इंद्रजाल आणि १९६७ पासून आलेले ‘अमर चित्र कथा’ या दोन्हींना बहुभाषी असण्याचा हा मोठा आधार होता. फक्त मराठीत कॉमिक काढू पाहणाऱ्या प्रकाशकाच्या बोकांडी चारही प्लेटांचा खर्च एकाच भाषेवर बसे. उलट रहस्यकथेचे पाहा. जुळाऱ्याने खिळे जुळवायचे, न्यूजप्रिंटवर काळ्या शाईत फर्मे मारायचे, रंगीत काय ते मुखपृष्ठाचे ब्लॉक. लेखक महिन्याला चार-चार हस्तलिखिते देतोय. चित्रकाराला मात्र चौकटीचौकटीचे एक पान नीट काढायला दीड-दोन दिवस लागतात. बत्तीस पानांना दोन महिने.

हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. रंग परवडत नव्हता तर काळ्या शाईत काढायचे. जपानी मंगा काळ्या शाईतच, हलक्या कागदावर निघते आणि लाखोंनी खपते. ब्रिटनमधून येणारी छोटी ‘कमांडो’ युद्धकॉमिक्सही काळी-पांढरी, आणि ती आमच्या इकडच्या वाचनालयांत भाड्याने मिळत. तेव्हा दुसरे कारण शोधावे लागते, आणि ते वाचनालयाच्या गल्ल्यात सापडते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. या भागाला वाचनाची जुनी परंपरा आहे ती अशी. पण रहस्यकथेचा वाचक बहुधा या संस्थांच्या दारी नव्हता. तो होता स्टेशनजवळच्या, दोन माणसे उभी राहिली की भरणाऱ्या गाळ्यातल्या लायब्ररीत. अनामत ठेवायची, दिवसाला भाडे द्यायचे. सकाळी डाउन प्लॅटफॉर्मच्या बाजूने येताना पुस्तक उचलायचे, ७.५२ मध्ये डोंबिवली ते व्हीटी निम्मे, परतताना उरलेले, आणि घरी जाण्याआधी परत. शंभर पानांची रहस्यकथा या प्रवासात बेतून बसे. मला वाटते तिची लांबी ठरवण्यात लेखकाच्या प्रतिभेइतकाच मध्य रेल्वेचा हात असावा. कॉमिक मात्र अर्ध्या तासात संपते. गिऱ्हाईक गाळ्यासमोर उभ्या उभ्या वाचून जाई. म्हणून बऱ्याच ठिकाणी ‘येथे उभे राहून वाचू नये’ अशी पाटी असे. पिना निघत, मधली पाने पळवली जात. लायब्ररीवाले मग पाच-सहा इंद्रजाल एकत्र शिवून, वर तपकिरी कापड लावून, एक पुस्तक करत. ते मुलांसाठी सुट्टीत चाले. ऑफिसला जाणारा माणूस चित्रांचे पुस्तक उघडून गाडीत बसला आहे, हे दृश्य मी त्या काळात एकदाही पाहिले नाही. काळापहाड वाचणे एक वेळ चालून जाई, चित्रे बघणे पोरकटपणाचे. मराठीत चित्र बालवाङ्मयाच्या कपाटात गेले आणि थरार मोठ्यांच्या. दोन कपाटांमध्ये भिंत होती.

हात मात्र मराठी होते. ‘अमर चित्र कथे’चा ‘कृष्ण’ काढला राम वाईरकरांनी. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी त्याच मालिकेत कितीतरी पुस्तके काढली, आणि १९८० च्या दशकात दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी ‘नागराज’ उभा केला. अंगात लाखो नाग बाळगणारा, मनगटातून ते सोडणारा हा नायक पल्प, साहस आणि अमानवी शक्ती या तिन्हींचा पक्का मिलाफ. परशुराम शर्मांची कथा, मुळीकांची चित्रे, भाषा हिंदी. दिलीप कदमांनी तिथेच ‘भोकाल’ काढला. कल्याण स्टेशनवर उत्तरेकडच्या गाड्या थांबतात, त्यामुळे तिथल्या स्टॉलवर ही कॉमिक्स ढिगाने असत. आमच्या सोसायटीतली मराठी मुले मराठी हातांनी काढलेला नाग हिंदीतून वाचत होती, आणि त्यात कुणाला काही चुकल्यासारखे वाटत नव्हते. इंद्रजालमध्ये १९७६ साली ‘बहादूर’ आला तोही असाच. त्याचे जनक आबिद सुरती पुढे मीरा रोडला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात, घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करणारे म्हणून प्रसिद्ध झाले. बहादूर डाकूंशी लढला. भुताशी नाही.

इथवरचा इतिहास गमावलेल्या संधीचा आहे. पण मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची.

एका वाचनालयाची जुनी दाखल-नोंदवही मला पाहायला मिळाली. नाव सांगत नाही, कारण असेच बहुतेक ठिकाणी झाले असणार. रहस्यकथांच्या नोंदींवर ओळीने लाल शाईची रेघ आणि पुढे ‘जीर्ण’ असा शेरा. त्याच पानावरचे निबंधसंग्रह, चरित्रे, गौरवग्रंथ सुखरूप. कारण सरळ आहे. जे पुस्तक तीनशे जणांनी नेले ते फाटले, आणि फाटले म्हणून रद्दीत गेले. जे कुणी नेले नाही ते टिकले. फाटलेली रहस्यकथा पुन्हा विकत घ्यावी असे कुणाला वाटले नाही, कारण तोवर नवी आली होती. म्हणजे एका समाजाने सर्वांत जास्त काय वाचले याचा पुरावा त्याच्या ग्रंथालयांत सर्वांत कमी उरतो. मुळगावकरांची मुखपृष्ठे तर त्याआधीच गेली. कारण वाचनालये बांधणी करताना मुखपृष्ठ फाडून टाकत आणि वर साधा पुठ्ठा लावत. जी एक चौकट आमच्याकडे होती, ती पहिल्यांदा काढून टाकली गेली.

याचा परिणाम आज दिसतो. छपाईची अडचण संपली आहे. डिजिटल यंत्रावर दोनशे प्रतीही निघतात, चार प्लेटांचा प्रश्नच नाही. माझा धंदा त्या यंत्रानेच बंद पाडला, पण त्याबद्दल तक्रार नाही. २०११ पासून कॉमिक कॉन भरू लागले आणि स्वतंत्रपणे कॉमिक काढणाऱ्यांना विक्रीचे टेबल मिळाले. अभिजित किणींची ‘अँग्री मावशी’ मुंबईतल्या नऊवारीतल्या बाईला थेट मारामारीत उतरवते. होली काऊ या मुंबईच्या प्रकाशनाने ‘अघोरी’ काढले. त्याचे लेखक राम व्ही. पुढे अमेरिकेत बॅटमॅनच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’पर्यंत पोचले. चित्रपटात २०१८ चा ‘तुंबाड’ आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांच्या कथेचे ऋण मोकळेपणाने सांगितले आहे. पुरलेले धन, त्याचा भुकेला राखणदार, कणकेची बाहुली देऊन त्याला फसवणारा माणूस: शाळामास्तरांच्या यादीतल्या समंधाचा हा चुलतभाऊच. तो चित्रपट हिंदी, ती कॉमिक्स इंग्रजी.

मराठीत जे काही होते आहे ते आमच्या शेजाऱ्यासारख्या मुलांच्या दोनशे प्रतींत. तशी सहा-सात कॉमिक्स मी आता जमवली आहेत. रेषा चांगल्या आहेत, काहींच्या तर फार चांगल्या. पण भूत आले की ते केस पुढे सोडलेली, पांढऱ्या कपड्यांतली, जपानी सिनेमातून आलेली बाई असते. नायक आला की लांब कोट घालतो. मे महिन्यात, डोंबिवलीत, लांब कोट! पाश्चात्त्य नमुना घेण्याला माझा विरोध नाही. अर्नाळकरांनी घेतला, धारपांनी घेतला, नाथमाधवांनीही घेतला. पण त्यांच्यापाशी शेजारी ठेवायला दुसरे काहीतरी होते. या मुलांना झुंजार पाहायला मिळालेला नाही, समर्थ ऐकून माहीत आहे आणि गिऱ्हा हा शब्दही माहीत नाही. ती चूक त्यांची नाही. जपानी भूत मोबाइलवर मिळते, आणि कोकणातले भूत १९१५ च्या इंग्रजी पुस्तकात.

भूत बदलले की गोष्टही बदलते, म्हणून मी याबद्दल इतका आग्रही आहे. सिनेमातले भूत मारायचे असते. आमच्या भुताचे देणे फेडायचे असते. खाडी बुजवून इमारती उभ्या राहिल्या. आता पाण्याचा गिऱ्हा कुठे जातो आणि कुणाकडे वसुलीला येतो, अशी गोष्ट कल्याण-डोंबिवलीतच सुचू शकते. तिला मलंगगडाचे धुके आहे, अंबरनाथच्या अकराव्या शतकातल्या शिवमंदिराची कोरीव अंधारी देवळी आहे, दुर्गाडीचा बुरूज आहे, आणि रात्री एकनंतर शेवटची कर्जत गाडी निघून गेल्यावरचे रिकामे फलाट आहेत.

काढू इच्छिणाऱ्यांसाठी एक कामाची माहिती देतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क राहतात. त्यामुळे अर्नाळकर २०५६ अखेरपर्यंत आणि धारप २०६८ अखेरपर्यंत बांधलेले आहेत. झुंजार किंवा समर्थ काढायचा तर वारसांची परवानगी हवी, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांची मुखपृष्ठे २०३७ उजाडल्यावर मोकळी होतील, तोवर काही शिल्लक राहिली तर. नाथमाधव १९२८ मध्ये वारले, तेव्हा ‘वीरधवल’ कधीचीच सर्वांची आहे. दातारशास्त्री १९४१ चे, म्हणजे रवींद्रनाथ टागोर गेले त्याच वर्षीचे. त्या वेळी मुदत पन्नास वर्षांची होती आणि १९९१ संपताना दोघेही मोकळे होणार होते. पण टागोरांच्या लेखनासाठी सरकारने शेवटच्या आठवड्यात मुदत दहा वर्षांनी वाढवली आणि विश्वभारतीबरोबर आमच्या ‘कालिकामूर्ती’लाही आयती दहा वर्षे मिळाली. ती २००१ च्या अखेरीस संपली. एन्थोव्हेनचे कोकणचे पुस्तकही इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते, मास्तरांच्या गावांच्या नावांसकट.